धावपटूच्या हृदयाची लय बिघडल्यास काय करावे

वर्षानुवर्षे लांब पल्ल्याचे धावणे किंवा सायकलिंग करणाऱ्यांमध्ये, विशेषतः मध्यमवयीन पुरुषांमध्ये, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंदे, बेताल थरथरणे) हा लयदोष इतरांपेक्षा अधिक आढळतो. स्वीडनमधील ९० किलोमीटरच्या वासालोपेत स्की शर्यतीच्या पन्नास हजारांहून अधिक स्पर्धकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात अधिक वेळा आणि अधिक वेगाने शर्यत पूर्ण करणाऱ्यांना लयदोषांचा धोका जास्त असल्याचे दिसले. दीर्घ सरावाने अलिंदे रुंदावणे आणि विश्रांतीच्या वेळी हृदयाची गती मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढणे, ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. म्हणूनच अनेकांना त्रास धावताना न होता रात्री झोपेत किंवा जेवणानंतर होतो.

धडधड जाणवताच थांबावे आणि मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. केवळ घड्याळाच्या आकड्यावर विसंबू नये, कारण प्रकाशाने ठोके मोजणारे घड्याळ पुष्कळदा पावलांची गतीच ठोके म्हणून दाखवते. छातीवरचा पट्टा त्या मानाने भरवशाचा. धावता धावता शुद्ध हरपली, छातीत दुखले किंवा कुटुंबात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर तपासणीपूर्वी व्यायाम पूर्ण बंद ठेवावा.

निदानाचे सारे मर्म त्रास चालू असताना निघालेल्या ईसीजीत आहे. धडधडीचा झटका ओसरल्यावर काढलेला आलेख बहुधा निर्दोष येतो आणि रुग्णाला 'टेन्शन घेऊ नका' असे सांगून घरी पाठवले जाते. त्यामुळे झटका येताच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून प्रत स्वतःजवळ ठेवावी. झटके क्वचित येत असतील, तर चोवीस तास ठोके नोंदवणाऱ्या होल्टर यंत्राऐवजी आठवडा-दोन आठवडे छातीवर चिकटवून ठेवायच्या पॅचविषयी डॉक्टरांना विचारावे. सोबत इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि थायरॉइडची तपासणी व्हावी.

उपचारांत सरावाचा भार काही काळ कमी करणे, मद्य टाळणे आणि झोपेतील श्वासरोधाची तपासणी करून घेणे हे आधी येते. बीटा ब्लॉकर या ठोके मंदावणाऱ्या औषधाने आधीच मंद असलेली नाडी आणखी मंदावते, दमही लवकर लागतो. त्यामुळे खेळाडूंना ते सहसा मानवत नाही. झटका आल्यावरच घ्यायची फ्लेकेनाइड या लय सुधारणाऱ्या औषधाची गोळी काहींना दिली जाते, पण ती घेतल्यावर लय पूर्ववत होऊन औषधाचा अंमल उतरेपर्यंत धावणे धोक्याचे असते, कारण क्वचित अलिंदांचा प्रत्येक ठोका थेट निलयांत (हृदयाच्या खालच्या कप्प्यांत) उतरून गती अतिशय वाढते. फुप्फुसांतून हृदयात येणाऱ्या शिरांच्या मुखाशी ऊतींवर व्रण उठवून बेताल संदेश अडवणारे अ‍ॅब्लेशन अनेक खेळाडूंना सोयीचे ठरते, मात्र ते कधी पुन्हा करावे लागते.

या लयदोषात हृदयात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध घ्यायचे की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह आणि पूर्वीचा पक्षाघात यांवरून ठरते. उत्तम दमसास असल्याने गुठळीचा धोका टळत नाही. हे औषध सुरू असताना सायकलवरून पडून डोक्याला मार लागल्यास, जखम दिसत नसली तरी, थेट रुग्णालय गाठावे.