डोंबिवलीहून बावधनला: कोरड्या हवेत बिऱ्हाड कसं मांडावं

आमच्या डोंबिवलीच्या घरी मिठाच्या बरणीत आई तांदळाचे चार दाणे टाकते, मिठाला पाणी सुटू नये म्हणून. चोविसाव्या वर्षी नोकरीसाठी पुण्याच्या कडेच्या बावधनला आले तेव्हा सवयीने मीही टाकले. पहिल्या एप्रिलमध्ये लक्षात आलं, की इथे मीठ मोकळंच राहतं, उघडा राहिलेला पापड चार दिवसांनीही कुडुम वाजतो आणि फुटतात ते फक्त माझे ओठ.

कारण शाळेत शिकलेलंच आहे. समुद्राकडून आलेले ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामे होतात आणि उरलंसुरलं पुण्याच्या वाट्याला येतं. मुंबईत वर्षाला 2,200 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात साधारण 700 ते 750. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच, त्यामुळे पहाट गार. म्हणजे पाण्याची ओढ आणि हिंडायला उत्तम हवा, दोन्ही एकाच पाकिटात येतात. मुंबई-ठाणे पट्ट्यातून किंवा कोकणातून पुण्याच्या कडेच्या उपनगरांत पहिल्यांदाच स्वतःचं बिऱ्हाड करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. बावधन, सूस, वारजे, सिंहगड रस्त्याकडचं नांदेड, कुठेही जा, क्रम हाच ठेवा.

1. घर मे महिन्यात बघा

मी नोव्हेंबरात बघितलं, तिथेच फसले. गॅलरीतून टेकडी दिसत होती, वारा येत होता, खाली गवत हिरवं. मी आणि मैत्रिणीने त्याच संध्याकाळी टोकन दिलं. मार्चअखेरीस लिफ्टमध्ये कागद चिकटला: ‘पाणी सकाळी 6 ते 8.’ पाठोपाठ टँकरची जादा वर्गणी.

एप्रिल-मे हा इथला खरा परीक्षेचा काळ. तेव्हा जमलं नाही तर निदान तेव्हाचा हिशेब विचारा. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या अहवालात टँकरचा खर्च वेगळा दाखवलेला असतो, आणि घरमालकाकडे तो असतो. ‘काका, मागच्या वर्षीचा अहवाल बघायला मिळेल का?’ एवढं विचारायला लाजू नका. टाळाटाळ झाली तर समजून घ्या.

घरमालकापेक्षा खरं उत्तर गेटवर मिळतं. ‘मामा, दिवसाला टँकर किती येतात?’ असं वॉचमनला सहज विचारा. ‘टँकर येतात का?’ असं विचारलंत तर ‘कधीतरी’ असं ऐकू येईल. ‘किती’ विचारलं की आकडा येतो.

मग घरात जाऊन नळाचं तोंड बघा. त्यावर पांढरी खपली धरली असेल तर पाणी जड आहे, बहुधा बोअरचं. त्याने केस राठ होतात, साबणाला फेस येत नाही आणि गीझरच्या कॉइलवर क्षार बसतात. असं घर घेऊच नये असं नाही, पण भाड्याची घासाघीस करायला हा मुद्दा उत्तम.

आणखी एक गैरसमज. बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे धरून 23 गावं 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली. पण गाव महापालिकेत आलं म्हणजे महापालिकेचं पाणी प्रत्येक इमारतीच्या टाकीत आलं, असं होत नाही. नळजोड आहे का, असेल तर पाणी किती वेळ येतं, हे त्या इमारतीपुरतंच विचारा. शिवाय दुरुस्तीसाठी महापालिका बरेचदा गुरुवारी पाणी बंद ठेवते. बुधवारी रात्री दोन बादल्या भरून ठेवायची सवय लावून घ्या.

2. कराराची नोंदणी होऊ द्या

तरुण भाडेकरूंना हमखास ऐकवलं जाणारं वाक्य: ‘अहो, साध्या स्टँपवर लिहून घेऊ, नोंदणी कशाला?’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. आता हे आधार कार्ड आणि बोटांच्या ठशांवर घरबसल्या होतं, एजंट यंत्र घेऊन घरी येतो. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्यावर 0.25 टक्के असतं. त्यात अनामत रकमेवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून तीही रक्कम मिळवतात. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000 रुपये. करार बहुतेक 11 महिन्यांचा असतो.

करारात दोन ओळी आग्रहाने घालून घ्या: टँकरची जादा वर्गणी कोण देणार, आणि रंगकामाच्या नावाखाली अनामतीतून किती कापणार. पहिली ओळ आमच्या करारात नव्हती. तो उन्हाळा आम्ही दोघींनी भरला.

अविवाहित मुलामुलींना घर देण्यावरून काही सोसायट्यांत कुरबुर चालते. टोकन देण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना स्वतः भेटा. काका-काकूंशी पाच मिनिटं बोलल्याने जे होतं ते ब्रोकरच्या दहा फोनांनी होत नाही. पोलिसांकडची भाडेकरूची नोंद ऑनलाइन होते, तीही त्याच आठवड्यात उरकून टाका.

3. लोकल विसरा, दुचाकी आणा

डोंबिवलीत आपण गर्दीत उभं राहिलं की गर्दीच आपल्याला चढवते. इथे तसं वाहून नेणारं काही नाही. पीएमपीच्या बस आहेत, मेट्रो कोथरूडच्या टोकाला वनाझपर्यंत आली आहे, पण बावधनहून वनाझला जायचं तरी महामार्गावरचा चांदणी चौक ओलांडायचाच. घर बघतानाच एकदा सोमवारी सकाळी नऊला ऑफिसपर्यंत जाऊन बघा. रविवारी पंधरा मिनिटांत होणारं अंतर सोमवारी वेगळंच निघतं.

घरची जुनी स्कूटर आणलीत तर नवा नंबर लागत नाही, राज्य तेच आहे. नोंदणी पुस्तकातला पत्ता मात्र बदलून घ्या. हेल्मेटची काच धुळीने रोज मळते, डिकीत फडकं ठेवा.

4. काय आणायचं, काय ठेवायचं

माठ आणा. मुंबईकडच्या दमट हवेत माठातलं पाणी जेमतेम गार होतं. इथे माठाच्या अंगावरून पाणी भराभर उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. कूलरचंही तेच. घरी आम्ही कूलर घेतला होता तेव्हा खोलीत नुसतं दमट व्हायचं, शेवटी तो माळ्यावर गेला. बावधनला तोच कूलर एप्रिलच्या दुपारी खोली खरोखर गार करतो. एसीचे पैसे वाचतात. जूनमध्ये हवा ओलावली की मात्र तो बंद करा.

पांघरूण जाड आणा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास उतरतो, आणि घाट चढून आलेल्या माणसाला ते कडाक्याचंच वाटतं. त्या दिवसांत दही रात्रभरात लागत नाही. विरजलेलं भांडं फडक्यात गुंडाळून बंद ओट्याखाली ठेवावं लागतं.

कपडे वाळत घालायच्या भल्यामोठ्या स्टँडची गरज नाही. उन्हाळ्यात जीन्स दोन-तीन तासांत वाळते.

5. शरीराला तीन आठवडे द्या

इथल्या उन्हाची फसवणूक अशी की घाम दिसत नाही. येतो, पण लगेच उडून जातो. डोंबिवलीत शर्ट ओला झाला की पाणी प्यायची आठवण व्हायची, इथे संध्याकाळी डोकं धरलं की कळतं, दिवसभर पाणीच पोटात नाही. तहानेची वाट न बघता पीत राहा. नाकातून एखाद्या सकाळी किंचित रक्त आलं तर घाबरू नका. झोपताना नाकपुडीच्या कडेला खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की मला बरं वाटायचं. वारंवार येऊ लागलं तर डॉक्टरांना दाखवा. ओठांना तूप, टाचांना व्हॅसलीन. आंघोळीचं पाणी फार कढत नको, त्याने कातडी आणखी ओढते.

6. मग टेकडी

हे सगळं ज्याच्यासाठी सहन करायचं, ते हे. पुण्यात ‘फिरायला जातो’ याचा अर्थ बरेचदा ‘टेकडीवर जातो’ असा असतो.

पहिला महिना जवळच्या टेकडीवरच काढा. बावधनकरांना कोथरूडची महात्मा टेकडी आहे, आणि थोडं पुढे वेताळ टेकडी, शहरातली सर्वांत उंच, सुमारे 800 मीटर. तिच्यावर पाषाणच्या पंचवटीकडून, एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने, चतुःशृंगीकडून अशा कितीतरी वाटा जातात. वर जुनी दगडखाण आहे, तिच्यात पाणी साठतं आणि पहाटे मोरांचे आवाज येतात. सहा वाजता जा. नवख्या गावात एकटेपणा फार वाटत असेल तर त्यावर हा सर्वांत स्वस्त उपाय. ठरलेल्या वेळी ठरलेली माणसं भेटतात. आठवड्याभरात निवृत्त काका ‘काय, काल दिसला नाहीत?’ म्हणून विचारतात, दोन आठवड्यांत प्लंबरचा नंबर मिळतो. माझा दूधवाला, गॅरेजवाला आणि डेंटिस्ट, तिन्ही टेकडीवरच कळले.

अंधारात किंवा एकटीदुकटीने आडवाटेला जाऊ नका, काही टेकड्यांवर लुटालुटीचे प्रकार झालेले आहेत. मुलांनीही हा सल्ला फक्त मुलींसाठी आहे असं समजू नये.

दुसऱ्या महिन्यात सिंहगड. स्वारगेटकडून पायथ्यापर्यंत पीएमपीची बस जाते, आतकरवाडीतून पायवाट चढते. गडाची उंची 1,312 मीटर. मुंबईच्या जिन्यांवर तयार झालेले पाय पहिल्यांदा दीड तास घेतील, घेऊ द्या. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. घाटरस्त्याने गाडी वर नेऊन ते खाल्लं तर चव निम्मी लागते, हे माझं ठाम मत आहे. तिथून पुढे वेल्ह्याहून तोरणा, 1,403 मीटर. पण तो ऑक्टोबरनंतर, आणि आधी गेलेल्या कुणाबरोबर.

माणशी निदान दोन लिटर पाणी घ्या. वर मिळेल या भरवशावर राहू नका. उन्हाळ्यात लिंबू-मीठ-साखरेची बाटली वेगळी.

कोरड्या डोंगरांची तीन भयं मुंबईकराला ठाऊक नसतात. पहिलं, वणवा. फेब्रुवारीपासून टेकड्यांवरचं गवत पार वाळतं, एका विडीने अख्खा उतार काळा होतो. काडी ओढायचीच नाही, धूर दिसला तर खाली उतरून 112 ला कळवायचं. दुसरं, साप. टेकडीलगतच्या सोसायट्यांतही घोणस निघते. बाहेर ठेवलेले बूट झटकून घाला, रात्री पार्किंगमध्ये बॅटरी वापरा, साप दिसला तर मारू नका, वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा. तिसरं, गडांवरची आग्या मोहोळं. धूर, दगड आणि भरमसाट अत्तर या तिन्हींनी माश्या उठतात.

7. उरलेली कागदपत्रं

आधारवरचा पत्ता नोंदणीकृत करारावर बदलून मिळतो. मतदार यादीत नाव हलवायला फॉर्म 8. गॅस सिलिंडर असेल तर जुन्या वितरकाकडून हस्तांतर आधी मागा, इथे आल्यावर मागितलं तर एक फेरी वाढते.

8. पहिला पावसाळा

दमट भागातून आलेल्यांना वाटतं, पाऊस आपल्याला काय शिकवणार! पुण्यातला पाऊस बहुतेक दिवस रिमझिमच असतो, छत्रीवर भागतं. पण तुम्ही तिथे थांबणार नाही. शनिवारी कुणीतरी ताम्हिणी म्हणेल, कुणी मुळशी, आणि पश्चिमेला तासाभरात तुम्ही थेट कोकणच्या पावसात शिराल. तिथे छत्री उलटी होते. गुडघ्याखाली येणारा रेनकोट, खोल खाचांच्या तळाचे बूट आणि फोनला प्लॅस्टिकची पिशवी एवढं जूनच्या पहिल्या आठवड्यात घेऊन ठेवा. धबधब्यांवर आणि काही गडांवर जिल्हा प्रशासन त्या दिवसांत बंदी घालतं. निघण्याआधी आदल्या रात्री बातमी बघा, बंदी असेल तर महात्मा टेकडी उघडीच असते.