गोठलेली रान थेट स्लो कुकरमध्ये? या चुका टाळा

गटारी जवळ आली की नाशिकात घरोघरी मटणाचे बेत ठरतात आणि मला तोच फोन येतो: "ताई, रान फ्रीजरमधून काढून थेट स्लो कुकरमध्ये टाकू ना?"

नको टाकूस. रान म्हणजे बकऱ्याची अख्खी मांडी, आणि स्लो कुकर म्हणजे तासनतास हळूहळू शिजवणारं विजेचं भांडं. त्याची आच इतकी मंद की दोन किलोची दगड झालेली रान आतून बर्फ सुटायलाच कित्येक तास जातात. तोवर बाहेरचं मांस नुसतं कोमट. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू मजेत वाढतात.

इंदिरानगरला माझ्या मावसभावाने हेच केलं. दुपारी एकला गोठलेली रान 'लो'वर लावली, मध्ये पावसात वीज गेली. रात्री आठला माणसं पानावर बसलेली आणि सुरी हाडापाशी घातली तर आत कच्चं, जेमतेम कोमट. "कुकरला पाच शिट्ट्या काढू, सगळं मरतं," म्हणाला. जंतू मरतात रे, पण काहींनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. मी रान फेकून द्यायला लावली. मटणाच्या आशेने आलेल्यांनी काळ्या मसाल्यातला अंड्याचा रस्सा खाल्ला. वहिनी अजून माझ्याशी तुटक बोलते.

माझी पद्धत अशी: बेत रविवारी, तर रान शुक्रवारी सकाळीच परातीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. दोन किलोला २४ तास धरा, वर थोडे हाडासाठी. शनिवारी रात्री दही, आलं-लसूण, हळद, मीठ. गोठलेल्या मांसाला मसाला चोळणं म्हणजे फरशीला उटणं लावणं.

ओट्यावर रात्रभर ठेवणारे म्हणतात, "नाशिकची थंडी आहे की!" असू दे, स्वयंपाकघराचा फ्रिज होत नाही. घाईच असेल तर पिशवीत घट्ट बांधून गार पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं, आणि सुटली की लगेच शिजवायची. तेवढाही धीर नसेल तर खाटकाकडून ताजं मटण आणा आणि साधा रस्सा करा. त्यात कमीपणा नाही.

मांस मऊ करायला कच्ची पपई लावाल तर चमचाभरच. वाटीभर लावली की वरचा थर लगदा, आतलं जसंच्या तसं. स्लो कुकरमध्ये पाणी अर्धी वाटी पुरे. झाकण सारखं उघडू नका, प्रत्येक वेळी वीसेक मिनिटं वाढतात.

उरलेलं मटण दोन तासांच्या आत हाडावरून सोडवून पसरट डब्यात, फ्रिजमध्ये. अख्खी रान पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवलीत, तर सकाळी मला फोन करू नका.