नळीला मानवणारा छर्रा: १० मीटर एअर रायफलसाठी छर्ऱ्यांची निवड आणि चाचणी

परदेशातील अनेक नेमबाज आपल्या रायफलीच्या नळीला साजेशी काडतुसे घरीच भरतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणे किंवा बंदुकीत फेरफार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे त्या वाटेला जाण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र त्या कामाचा गाभा, म्हणजे एका विशिष्ट नळीला नेमके काय मानवते हे मोजून शोधणे, १० मीटर एअर रायफलच्या नेमबाजाला पूर्णपणे खुला आहे आणि नागपुरात नव्याने सराव सुरू करणाऱ्या प्रत्येकाने तो आत्मसात करावा, असे मला मनापासून वाटते. जॅकेट, बूट आणि स्टॉक (रायफलीचा दस्ता) यांवर मोठा खर्च करून छर्रे मात्र दुकानात मिळतील ते घेणे, ही सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे.

१० मीटरच्या लक्ष्यावर १० गुणांचे वर्तुळ अवघे ०.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा. दशांश गुणांकनात १०.९ मिळवण्यासाठी छर्ऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ०.२५ मिलिमीटरच्या आत पडावे लागते आणि पुढे दर ०.२५ मिलिमीटरला ०.१ गुण जातो. नेमबाजाची काहीही चूक नसताना केवळ छर्ऱ्यामुळे केंद्र ०.७५ मिलिमीटर सरकले, तर त्या नेमावर १०.७ च्या वर गुण मिळूच शकत नाही. अंतिम फेरीतील पदके ०.१ गुणाने हुकतात, हे लक्षात घेतले की या मोजमापाचे मोल कळते.

सामन्याचे छर्रे सपाट डोक्याचे असतात, कारण ते कागदात स्वच्छ गोल छिद्र पाडतात. त्यांचे वजन साधारण ०.५३ ग्रॅम असते आणि डोक्याचा व्यास ४.४८ पासून ४.५२ मिलिमीटरपर्यंत वेगवेगळा मिळतो. डब्यावरील हा आकडा आणि बॅच क्रमांक, दोन्ही वहीत लिहून ठेवावेत. एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या दोन बॅच एकाच नळीतून वेगळ्या चालतात. म्हणून नावावर किंवा किमतीवर न जाता निरनिराळ्या बॅचचा एकेक डबा आधी चाचणीसाठी घ्यावा.

डबा उघडल्यावर छर्रे हातात घेऊन पाहावेत. छर्ऱ्याला डोके, बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर असतो. हा घेर कागदासारखा पातळ असल्याने प्रवासातील हादऱ्यांनी त्याची कड चेपते. काचेची एक पट्टी किंचित तिरपी ठेवून तिच्यावरून छर्रे एकेक करून घरंगळू द्यावेत. डोके आणि घेर यांच्या व्यासांत फरक असल्याने चांगला छर्रा सरळ न जाता एका ठरावीक वळणाने जातो; चेपलेला मात्र अडखळत, डुलत उतरतो आणि डोळ्यांना लगेच कळतो. असे छर्रे सरावाच्याही डब्यात परत टाकू नयेत.

वजन करायचे असल्यास मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो. इतवारीच्या सराफ्यात वापरतात त्या जातीचा काटा या कामाला पुरतो. तरीही माझ्या मते वजनापेक्षा घेराची तपासणी आणि बॅचची चाचणी यांत घालवलेला वेळ अधिक फळ देतो.

आता हवेकडे वळू. सामन्याच्या रायफलीतून छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने निघतो आणि लक्ष्यापर्यंत सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. वेगात सेकंदाला ५ मीटरचा फरक पडला, तर हे खाली येणे जवळजवळ १ मिलिमीटरने बदलते. त्यामुळे शक्य असल्यास वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर रायफल तपासावी आणि वेग अस्थिर आढळल्यास हवेचा दाब स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला स्वतः हात न लावता जाणकार कारागिराकडे द्यावा. नागपूरच्या मे महिन्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. २५ अंश तापमानाला २०० बारपर्यंत भरलेला रायफलीचा हवेचा सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ५० अंशांपर्यंत तापला, तर त्यातील दाब सुमारे २१७ बार होतो. म्हणून रायफल गाडीत ठेवून कधीही जाऊ नये. सिलिंडर सावकाश आणि कोरड्या हवेने भरावा, त्याला तेल लावू नये आणि त्यावर छापलेली मुदत संपल्यावर तो वापरू नये.

चाचणीसाठी रायफल मऊ अस्तर लावलेल्या शिकंज्यात घट्ट बसवावी. पकड स्टॉकला असावी, नळीला नव्हे. बॅच बदलली की पहिले १० छर्रे मोजणीत न धरता झाडावेत, कारण आधीच्या छर्ऱ्यांचे शिसे आणि मेण नळीत असेपर्यंत नवी बॅच आपले खरे रूप दाखवत नाही. मग प्रत्येक बॅचचे १० छर्ऱ्यांचे तीन ग्रुप, म्हणजे एकाच बिंदूवर झाडलेल्या छर्ऱ्यांच्या छिद्रांचे पुंजके, घ्यावेत. पाच छर्ऱ्यांचा ग्रुप नशिबानेही छान येतो. शिकंजा नसल्यास वाळूच्या पिशव्यांवर टेकवून नेम धरता येतो, पण तेव्हा नेमबाजाचा थकवाही मोजमापात मिसळतो. तो सर्व बॅचना सारखा वाटला जावा म्हणून क, ख, ग आणि पुन्हा ग, ख, क अशा क्रमाने झाडावे. कूलरचा झोत लक्ष्याच्या कागदावर येत असेल, तर तेवढ्यापुरता कूलर बंद ठेवावा.

ग्रुपच्या बाहेरील कडांमधले सर्वांत मोठे अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजून त्यातून ४.५ वजा केले की केंद्रांमधले अंतर मिळते. समजा बाहेरील कडांमधल्या अंतराचे एका बॅचचे आकडे ५.६, ५.९ आणि ७.४ मिलिमीटर आले आणि दुसरीचे ६.२, ६.३ आणि ६.१ आले. पहिलीतला सर्वोत्तम ग्रुप मोहात पाडतो, तरीही निवड दुसरीचीच करावी, कारण सामन्यात ६० नेम झाडावे लागतात आणि तेथे सर्वांत वाईट ग्रुपच गुण खातो.

बॅच ठरली की वर्षभराचा साठा एकाच वेळी, त्याच क्रमांकाचा घ्यावा. दोन महिन्यांनी ती बॅच बाजारात मिळेलच असे नाही. डबे झाकण घट्ट लावून कोरड्या कपाटात ठेवावेत. कूलरच्या किंवा पावसाळ्याच्या दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते आणि असे छर्रे चाचणीत मिळालेला निकाल देत नाहीत. नळी साफ करताना नमद्याच्या गोळ्या वापराव्यात, धातूचा गज घालू नये आणि सफाईनंतरचे पहिले काही नेम गुणांसाठी धरू नयेत.

शिसे विषारी असल्याने छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, आणि मुलांच्या बाबतीत प्रशिक्षकाने याकडे जातीने लक्ष द्यावे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा ०.१७७ इंचापेक्षा मोठ्या नळीच्या हवाई शस्त्राला परवाना लागतो. वर सांगितलेल्या वेगाला ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्याची ऊर्जा ८ ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे सामन्याची रायफल या मर्यादेच्या बरीच आत राहते. तरीही ती खेळणे नव्हे. चाचणी रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि छर्रे अडवणाऱ्या पेटीसमोरच करावी. अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या परिसरात पाखरांवर ती रोखणे क्रूर आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिक्षेस पात्रही ठरू शकते.