डोंगराखालच्या बंकरपर्यंत बॉम्ब कसा पोचतो, हे मुलांना करून दाखवायचं तर

22 जून 2025 ला अमेरिकेनं इराणमधल्या फोर्डो या डोंगराखालच्या अणुकेंद्रावर बॉम्ब टाकले. त्यानंतरच्या रविवारी माझ्या शिकवणीतल्या नववीच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, बॉम्ब तं लागल्याबरोबर फुटते नं, मंग पहाडाच्या आत कसा जाते?" प्रश्न अगदी मुळावरच बोट ठेवणारा होता. तेव्हापासून हा प्रयोग मी नागपुरात नंदनवनच्या आमच्या गच्चीवर दरवर्षी करते. तुम्ही शिक्षक असा किंवा पालक, एका सकाळीत होतो.

सामान घरचंच आहे. पंधरा किलोचा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा वरून कापून घ्या आणि त्यात कन्हानची कोरडी, चाळलेली वाळू गच्च न भरता ओता. हार्डवेअरच्या दुकानातून 12 एमएमची सळई आणून 30 आणि 60 सेंटिमीटरचे दोन तुकडे सपाट कापून घ्या. सोबत एक इंची पीव्हीसी पाइप 2 मीटर, किराणा दुकानातलं अर्धा किलोचं लोखंडी वजन, एक पेव्हर ब्लॉक, एक फुगा आणि एक दाभण. डब्याऐवजी प्लास्टिकची बादली घेऊ नका. माझी पहिल्याच फटक्यात बुडाशी तडकली आणि सळई फरशीवर आपटली. सगळ्यांच्या पायात बूट हवेत, आणि सळई सोडायचं काम मोठ्या माणसाचंच.

आधी वजन 2 मीटरवरून वाळूत सोडा. दोन बोटं रुतेल. मग पाइप वाळूवर उभा टेकवून त्यातून मोठी सळई सोडा. तिचं वजन 533 ग्रॅम, म्हणजे त्या लोखंडाइतकंच जवळजवळ, उंचीही तीच. पण ती वीतभर आत जाते. सळई बाहेर काढण्याआधी वाळूच्या पातळीवर खडूनं खूण करून घ्या, काढल्यावर ती लांबी मुलांना स्वतः मोजू द्या. मी आकडा कधीच आधी सांगत नाही.

मग वहीत भागाकार. वजनाची तळबाजू 6 सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे चौरस मीटरला पावणेदोनशे किलोच्या आसपास भार. सळईचं तोंड सव्वा सेंटिमीटरसुद्धा नाही, तिचा भार निघतो चौरस मीटरला 4,700 किलो. आता फोर्डोवर टाकलेला जीबीयू-57 घ्या. वजन 13,600 किलो, लांबी 6 मीटरच्या वर, जाडी फक्त 80 सेंटिमीटर. भागाकार 27,000 च्या घरात जातो. तो भागाकार स्वतः केल्यावर मुलांना कळतं, की तो बॉम्ब म्हणजे एक अवाढव्य सळई आहे. त्यातली दारू जेमतेम 2,400 किलो, बाकी जवळपास सगळं पोलादी कवच. नेहमीच्या मोठ्या बॉम्बमध्ये वजनाच्या जवळजवळ निम्मी दारू असते. म्हणजे इथं भोक पाडायचं काम स्फोटाचं नाहीच, वजनाचं आणि वेगाचं आहे. 1991 च्या आखाती युद्धात तर अमेरिकेनं जुन्या तोफांच्या नळ्या कापून घाईघाईनं जीबीयू-28 बनवला होता, कारण एवढं जाड, चिवट पोलाद तयार मिळण्याची ती एक जागा होती.

लहान सळईही सोडून बघा. तोंड तेवढंच, मागचं वजन निम्मं, खोली लगेच कमी होते. वेगाचं एक गणित करून घ्या: 2 मीटरवरून पडणारी सळई सेकंदाला सव्वासहा मीटर वेगानं येते, आणि हवेचा अडथळा धरला नाही तर 12,000 मीटरवरून पडणारी वस्तू 485 मीटरनं. बॉम्बला इंजिन नसतं.

यानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो घाईत उरकू नका. डब्यात वाळूऐवजी ओला मुरूम धुमसून भरा आणि तीच सळई सोडा. चार बोटंही जात नाही. पेव्हर ब्लॉकवर सोडा, टण्णकन उडते आणि पांढरा ठिपका तेवढा उरतो. फोर्डोवरचा बॉम्ब 60 मीटर खोल जातो असं बातम्यांमध्ये छापून आलं. मुलांनी विचारलं पाहिजे, 60 मीटर कशात? मातीत, वाळूखडकात, की काँक्रीटमध्ये? आपल्याकडे सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची, कामठीकडे वाळूखडक, शेतात काळी माती. बोअर मारणाऱ्याला विचारा, तो फुटाचा भाव सांगण्याआधी खाली काय लागेल ते विचारतो. फोर्डो 80 ते 90 मीटर खडकाखाली आहे असं सांगितलं जातं. म्हणून तिथल्या हवा येण्याजाण्याच्या दोन उभ्या बोगद्यांवर सहा-सहा बॉम्ब एकामागून एक सोडले. हेही दाखवता येतं: मुरुमात पाइप न हलवता सळई काढून पुन्हा त्याच भोकात सोडा. दरवेळी थोडी आणखी खाली जाते.

स्फोटासाठी सुतळी बॉम्ब पुरायचा मोह होईल, अजिबात नको. फुगा पुरेसा आहे. डब्यात निम्मी वाळू, वर लिंबाएवढा फुगवलेला फुगा, त्यावर दहा सेंटिमीटर कोरडी वाळू आणि वर काडेपेट्यांचा मनोरा. बाजूनं पत्र्याला आधीच पाडलेल्या भोकातून दाभण खुपसा. मनोऱ्याला कुणी हातही लावलेला नसतो, पण पायाखालची वाळू बसते आणि तो कलंडतो. बार्न्स वॉलिस या ब्रिटिश अभियंत्याला हेच हवं होतं. त्याचा दहा टनी ग्रँड स्लॅम 14 मार्च 1945 ला जर्मनीत बीलेफेल्डच्या रेल्वेपुलाजवळ जमिनीत घुसून फुटला आणि पुलाच्या कमानी कोसळल्या. त्यासाठी फ्यूजनं, म्हणजे बॉम्ब फोडणाऱ्या कळीनं, धडकेनंतर थांबायला हवं, आणि धडकेत टिकायलाही हवं. आजचे काही फ्यूज पोकळी लागली की ओळखतात.

शेवटी मी मुलांना खाली बसवते आणि अमिरियाचं सांगते. 13 फेब्रुवारी 1991 ला, त्याच आखाती युद्धात, बगदादमधल्या अमिरियाच्या बॉम्बपासून वाचण्यासाठीच्या आसऱ्यात माणसं झोपलेली होती. पहिल्या बॉम्बनं छताला भोक पाडलं, दुसरा त्याच भोकातून आत गेला. चारशेहून जास्त नागरिक गेले, त्यांत बायका आणि मुलं फार. हे सांगताना माझा आवाज अजूनही स्थिर राहत नाही, आणि मी तो लपवत नाही. मुरुमातलं भोक तेव्हा समोरच असतं. मुलं त्याच्याकडे बघतात. मग कुणीतरी उठून वाळू चाळायला घेतं.