व्हिस्कोस हातात घेण्याआधी: नव्या टेक्स्टाइलवाल्यांसाठी

टेक्स्टाइलच्या शेवटच्या वर्षाला असाल किंवा नुकतेच प्रोसेस हाउसला लागला असाल, तर व्हिस्कोस कसं तयार होतं ते तुम्हाला पाठ असणार. लाकडाचा लगदा, कॉस्टिक, कार्बन डायसल्फाइड, झँथेट, आम्लाचं बाथ, तंतू. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. नागदा, हरिहर किंवा खरचच्या व्हिस्कोस तंतूच्या प्लँटमध्ये नोकरी मिळाली तर ती साखळी रोज लागेल. शहाडला फिलामेंटकडे (अखंड लांब धाग्याकडे) गेलात तरी लागेल. पण आपल्यातले बहुतेक जण सूतगिरणी, सायझिंग, यंत्रमाग, रंगाई नाहीतर गारमेंटकडे जातात. तिथे गाठ पडते ती तयार तंतूच्या स्वभावाशी. या स्वभावासाठी अभ्यासक्रमात फार थोडे तास ठेवलेले असतात, आणि मला त्याचा आजही राग येतो.

वर्गात एक वाक्य सगळ्यांच्या डोक्यात बसतं: कापूस सेल्युलोज, व्हिस्कोसही सेल्युलोज. रसायनाच्या दृष्टीने ते खरंच आहे. दोन्ही जळताना कागदाचा वास येतो, राख सारखीच, रिअॅक्टिव्ह रंग दोन्हींना लागतात. त्यावरून वाटतं की कापसाची प्रोसेस थोडी सौम्य केली की झालं. इचलकरंजीत कामाला लागले तेव्हा मीही हेच धरून चालले होते. सगळा घोळ इथूनच सुरू होतो, म्हणून पुढचा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे.

कापूस ओला झाला की त्याची ताकद वाढते, साधारण दहा ते वीस टक्के. व्हिस्कोसचं उलट आहे. कोरडं असताना त्याची ताकद २.२ ते २.६ ग्रॅम प्रति डेनियरच्या (डेनियर म्हणजे धाग्याची जाडी मोजायचं एकक) घरात असते, ओलं झालं की ती जवळजवळ निम्म्यावर येते. कापसातल्या सेल्युलोजच्या साखळ्या हजारो दुव्यांच्या आणि नीट रचलेल्या असतात. व्हिस्कोस करताना एजिंगमध्ये (कॉस्टिक दिलेला लगदा हवेत मुरत ठेवतात तेव्हा) आपण त्या मुद्दाम तोडतो, त्यामुळे दुवे तीनशेच्या आसपास उरतात. शिवाय स्फटिकी भाग कापसापेक्षा बराच कमी असतो. उरलेल्या विस्कळीत भागात पाणी शिरतं, साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सोडवतं आणि आखूड साखळ्या एकमेकींवरून सरकायला लागतात. म्हणजे ओल्या व्हिस्कोसमध्ये दोन गोष्टी एकदम होतात: तो लवकर तुटतो, आणि थोड्याशा ओढीनेही लांबतो.

तुटलेलं डोळ्यांना दिसतं, त्यावर लगेच ओरड होते. लांबलेलं दिसत नाही. ओलं कापड जिगरवर (कापड दोन रुळांमध्ये ताणून फिरवणारं रंगाईचं मशीन) ओढलं गेलं, मँगलमधून (पाणी पिळणाऱ्या रुळांमधून) ओढलं गेलं, वॉशरमध्ये ओढलं गेलं आणि त्याच ताणात सुकलं, की ते लांबलेल्या स्थितीतच स्थिर होतं. टेबलावर छान सपाट दिसतं. शंभर मीटर कोरं (प्रोसेस न झालेलं) कापड आत गेलं आणि एकशे चार मीटर बाहेर आलं तर आकडे पाहणारा खूशही होतो. ते कापड गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्यांदा पाण्यात पडलं, की आत धरून ठेवलेला सगळा ताण सुटतो. समजा आटणं आठ टक्के आलं. ११० सेंटीमीटरचा कुर्ता १०१ वर येतो. कोणी घालायचा तो?

इथपर्यंत बऱ्याच जणांना समजतं. पण आटण्याचं दुसरं कारणही आहे. पाण्यात व्हिस्कोसचा तंतू कापसापेक्षा खूप जास्त फुगतो. सूत जाड झालं की आडव्या धाग्याला वळसा घालायला उभ्या धाग्याला जास्त लांबी लागते, आणि ती लांबी तो कापडातूनच घेतो. ताण अजिबात नसला तरी हे होणारच. म्हणून कापूस पहिल्या एकदोन धुण्यांत आटून बराचसा थांबतो, व्हिस्कोस मात्र तिसऱ्या-चौथ्या धुण्यातही थोडं थोडं आटत राहतं. एका धुण्याचा रिपोर्ट दाखवून कोणी लॉट पास करायला सांगितलं, तर सही करू नका. वाद होईल, होऊ द्या.

हे शोधायची सोपी युक्ती कुठल्याही मशीनशिवाय जमते. पिक ग्लास, म्हणजे धागे मोजायचं भिंग, घ्या. कोऱ्या कापडाचे इंचातले पिक (आडवे धागे) मोजा, मग फिनिश झालेल्याचे मोजा. कोऱ्यात ५६ होते आणि फिनिशमध्ये ५३ निघाले, तर कापड लांबीत जवळजवळ साडेपाच टक्के ओढलं गेलंय. नीट सैल झालेल्या व्हिस्कोसमध्ये पिक वाढायला हवेत. कमी झालेले पिक म्हणजे पुढे येणारी तक्रार. कापड धुवायच्या आधी, पाच मिनिटांत हे कळतं. मग ५० सेंटीमीटरच्या खुणा करून धुऊन खात्री करा. मोजणी तीन वेगवेगळ्या जागी करा, किनारीपासून लांब.

उपाय तुम्ही पुस्तकात वाचलेले असतात: जिगरऐवजी शक्यतो जेट किंवा सॉफ्ट फ्लो (कापड दोरासारखं सैल फिरवून रंगवणारी मशीन), ताणाशिवाय चालणारा रिलॅक्स ड्रायर, स्टेंटरला (कापड किनारींना धरून सुकवणाऱ्या मशीनला) पुरेसं ओव्हरफीड, म्हणजे कापड सैल सोडणं, शेवटी सॅनफोराइझिंग, म्हणजे कापड आधीच आटवून घेणं. पुस्तकात एक गोष्ट नसते. थंड पाण्यात ओलं व्हिस्कोस पुठ्ठ्यासारखं ताठ होतं, आणि जेटमध्ये त्या स्थितीत दोर फिरला की घड्यांचे कायमचे व्रण उमटतात. कापड भरतानाच पाणी कोमट ठेवा, ल्युब्रिकंट आधी घाला, लोड मशीनच्या क्षमतेपेक्षा कमी घ्या. पन्ना मिळवण्यासाठी स्टेंटरवर रुंदीत ओढणं हाही तोच प्रकार, फक्त आडव्या दिशेने.

मर्सराइझिंगबद्दल, म्हणजे चकाकीसाठी कापड तीव्र कॉस्टिकमधून काढण्याबद्दल, एक इशारा. शंभर टक्के व्हिस्कोस कोणी मर्सराइझ करत नाही, पण कापूस-व्हिस्कोस मिश्रणात मोह होतो. व्हिस्कोस सगळ्यात जास्त फुगतं ते साधारण दहा टक्क्यांच्या आसपासच्या थंड कॉस्टिकमध्ये. म्हणून वीस-बावीस टक्क्यांचं बाथ पाहून निश्चिंत होऊ नका. धुताना तीव्रता उतरत उतरत नेमकी त्या पट्ट्यातून जाते, आणि नुकसान तिथे होतं.

एवढं वाचून घाबरला असाल तर थांबा. व्हिस्कोस हा वाईट तंतू नाही. त्याची चकाकी, त्याचा झोक आणि आपल्या उन्हाळ्यात अंगाला मिळणारा गारवा साध्या सुती कापडाला सहज येत नाही. सर्वमान्य आर्द्रता-शोषण (सुक्या वजनावर तंतू हवेतून किती पाणी घेतो ते) कापसाला साडेआठ टक्के आणि व्हिस्कोसला तेरा धरतात, काही मानकांत अकरा. सूत वजनावर घेताना करारात कोणता आकडा धरलाय ते पाहा, नाहीतर पाण्याचे पैसे भराल. लॅबमध्ये ६५ टक्के आर्द्रतेला नमुना पुरेसा वेळ न ठेवता काढलेली ताकद किंवा जीएसएम (चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) तर मी वाचतही नाही. पावसाळ्यातला आणि एप्रिलमधला आकडा वेगळा येतो आणि दोष बिचाऱ्या सूतगिरणीवर जातो.

मोडल आणि लायोसेलबद्दल मुलाखतीत हल्ली हमखास विचारतात. मोडलमध्ये ओल्या अवस्थेतला ताठपणा सुधारलेला आहे, म्हणून निटवेअरमध्ये ते टिकतं. लायोसेलमध्ये झँथेट नाही, कार्बन डायसल्फाइड नाही. लगदा थेट एनएमएमओ नावाच्या द्रावकात विरघळवतात आणि ते द्रावक ९९ टक्क्यांहून जास्त परत मिळवतात. ओलं असताना लायोसेल आपली बहुतेक ताकद राखतं, पण घासलं की त्याचे बारीक तंतुक सुटतात आणि गडद रंगावर पांढुरकी छटा येते. तोच गुण नीट वापरला की कापडाला मखमली स्पर्श येतो. आणि कोणी ‘बांबूचं कापड’ म्हणून नमुना पुढे केला तर प्रोसेस विचारा. बाजारातलं बहुतेक बांबू कापड हे बांबूच्या लगद्याचं व्हिस्कोसच असतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा लेबलांवरून मोठ्या विक्रेत्यांना दंड केलेले आहेत. तुमच्या सहीने चुकीचं लेबल जाता कामा नये.

ओळख पटवायला जाळून पाहणं पुरत नाही, ते वर आलंच. सूक्ष्मदर्शकाखाली कापूस पिळलेल्या फितीसारखा, साध्या व्हिस्कोसचा छेद कातरलेल्या कडांचा, लायोसेलचा गोल. साठ टक्के गंधकाम्लात, तेही थंड ठेवून, व्हिस्कोस विरघळतं आणि कापूस बहुतांशी टिकतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच करा.

आता गुरूंबद्दल. डाईंग मास्टर दोन प्रकारचे भेटतात. एक रेसिपीची वही छातीशी धरून ठेवतात. दुसरे ओलं कापड तुमच्या हातात देऊन ‘बघ, कसं लागतंय’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारचा भेटला तर पगार थोडा कमी असला तरी वर्षभर त्यांच्यापाशी राहा. मला भेटलेले मास्टर दहावीपर्यंत शिकलेले होते, आणि जेटच्या खिडकीतून दोराची चाल पाहून लोड जास्त झालाय हे ओळखायचे. सॉफ्टनर जास्त मारून खराब कापड मऊ करण्याचा शॉर्टकट शिकवणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. पहिल्या धुण्यात सॉफ्टनर जातो, आणि खालचं कापड दिसतं.

सस्टेनेबिलिटी नावाच्या खात्यात थेट जाण्याची घाई हल्ली फार दिसते. माझं मत असं, की दोन वर्षं ओल्या खात्यात (धुणं-रंगाईच्या विभागात) घालवल्याशिवाय पाण्या-रसायनांच्या हिशोबावर बोलायला आधार नसतो. रात्रपाळी, वाफ, आवाज हे सगळं आहे, सोपं नाही. मुलींना सुरुवातीला लॅबमध्येच बसवतात. फ्लोअर मागून घ्या, मागितल्यावर मिळतो.

फायबर प्लँटला जाणाऱ्यांनी कार्बन डायसल्फाइडची भीती बाळगलीच पाहिजे. ४६ अंशांना उकळतं आणि साधारण शंभर अंश तापलेल्या पाइपावरही पेट घेऊ शकतं, ठिणगी लागत नाही. वर्षानुवर्षं वाफ श्वासात गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो. सुरक्षेच्या ट्रेनिंगला दांडी मारू नका.

आणि नोकरी स्वीकारण्याआधी एवढं विचारा: लॅब प्रोडक्शनच्या हाताखाली आहे की क्वालिटीच्या? प्रोडक्शनच्या हाताखाली असेल, तर पिक कमी भरल्याचा तुमचा रिपोर्ट मालकापर्यंत कोण नेणार, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.