चावीचे बटण दाबूनही गाडी उघडत नसेल तर

घाईच्या वेळी गाडीपाशी यावे, चावीवरचे बटण दाबावे आणि गाडीने दिव्यांची नेहमीची उघडझाप करू नये, असे झाले की बहुतेक जण तेच बटण आणखी जोरात दाबू लागतात. त्याचा उपयोग होत नाही. हातातल्या त्या एका वस्तूत तीन वेगवेगळ्या यंत्रणा नांदत असतात आणि त्यांपैकी नेमकी कोणती बंद पडली आहे हे ओळखले, तर निम्मी दुरुस्ती घरीच होते.

पहिली यंत्रणा बटणांची. बटण दाबताच चावी रेडिओ संदेश पाठवते. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत तो ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास असतो आणि त्यातला संकेत दर वेळी बदलतो. दुसरी यंत्रणा चावी खिशातच ठेवून दार उघडण्याची. हँडलला हात लागला की गाडी कमी वारंवारतेची हाक देते, ती मीटर-दीड मीटरच्या टप्प्यातच ऐकू जाते आणि चावी तिला उत्तर देते. या दोन्हींना सेल लागतो. तिसरी यंत्रणा म्हणजे इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या चावीखेरीज इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या व्यवस्थेची चिप. तिला सेल लागत नाही, कारण इग्निशनभोवतीच्या किंवा स्टार्ट बटणामागच्या कॉइलमधून तिला लागेल तेवढी ऊर्जा मिळते. म्हणूनच सेल पूर्ण संपलेल्या चावीनेही गाडी सुरू करता येते.

निदानाची सुरुवात दुसऱ्या चावीने करावी. ती चालली, तर दोष पहिल्या चावीत आहे. दोन्ही चालल्या नाहीत, तर संशय गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्यावा. आतला दिवा मंद लागत असेल किंवा लागतच नसेल, तर चावी उघडत बसण्याऐवजी जंपर केबल शोधणे शहाणपणाचे. एकाच ठिकाणी उभी असताना गाडी ऐकत नाही आणि इतरत्र मात्र ऐकते, असे असल्यास परिसरातील रेडिओ लहरींचा गोंगाट कारणीभूत असू शकतो. दूरदर्शनच्या मनोऱ्याजवळ किंवा वीज केंद्राजवळ असे होऊ शकते, अशी सूचना अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत असते. अशा वेळी चावी दाराच्या अगदी जवळ धरून पाहावी.

सेल बदलणे सोपे आहे, मात्र तो नेमका कोणता हे जुन्या सेलवर वाचूनच नवा आणावा. सीआर २०३२ या नावातील २० हा मिलिमीटरमधील व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ चा व्यास तोच, पण जाडी २.५ मिलिमीटर, त्यामुळे तो बसल्यासारखा वाटतो आणि संपर्क मात्र धड होत नाही. आधी चावीतील धातूचे पाते बाहेर काढावे, त्या जागी दिसणाऱ्या खाचेत कापड गुंडाळलेला चपटा पेचकस घालून कवच हलकेच उकलावे, अधिक खुणेची बाजू लक्षात ठेवावी आणि नवा सेल कडेने धरून बसवावा. जुना सेल टेबलावर तसाच सोडू नये. लहान मुलाने तो गिळला, तर अन्ननलिकेला दोन तासांतच गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. तशी नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावे.

नवा सेलही लवकर संपत असेल, तर चावी घरात कुठे ठेवता ते पाहावे. दारालगत उभ्या असलेल्या गाडीच्या टप्प्यात चावी टांगली, तर ती सारखी जागी होत राहते. मोबाइलच्या चार्जरशेजारी किंवा दूरचित्रवाणी संचाजवळ ठेवलेल्या चावीचीही हीच गत होऊ शकते.

भर रस्त्यात सेल संपला, तर चावीतील पाते काढून चालकाच्या दाराच्या कुलपात घालावे. काही गाड्यांत हे कुलूप हँडलच्या टोकाशी छोट्या झाकणाखाली दडलेले असते. असे दार उघडताच अलार्म वाजू शकतो. त्याने गांगरून जाऊ नये. ब्रेक दाबून चावी स्टार्ट बटणाला टेकवावी किंवा चावीनेच ते बटण दाबावे, म्हणजे चिप ओळखली जाते आणि भोंगाही थांबतो. काही गाड्यांत चावी ठेवण्याची जागा निराळी असते, तेव्हा आपल्या पुस्तिकेतील ते एक पान आजच वाचून ठेवलेले बरे.

कवच बदलताना एक फसगत फार होते. बटणे फाटली म्हणून बाजारातून नवे कवच आणले जाते, सर्किट त्यात बसवले जाते आणि जुने कवच कचऱ्यात जाते. दारे उघडतात, इंजिन मात्र सुरू होत नाही. बऱ्याच जुन्या चाव्यांत इमोबिलायझरची चिप सर्किटवर नसते, ती तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी किंवा काळ्या खडूच्या तुकड्यासारखी कवचाच्याच कोपऱ्यात बसवलेली असते. जुने कवच फेकण्यापूर्वी ते पूर्ण तपासावे.

आता चोरीविषयी. खिशातल्या चावीने उघडणाऱ्या गाडीची ती छोटी हाक दोन साधनांच्या मदतीने घरातील चावीपर्यंत पोहोचवता येते. मग चावी इमानाने उत्तर देते आणि दार उघडते. संकेत दर वेळी बदलत असला तरी येथे त्याचा उपयोग नाही, कारण खरी चावीच बोलत असते. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून दाखवले होते. यावर साधा उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा. फराळाचा रिकामा डबाही चालेल, पण त्याची परीक्षा घ्यावी: चावी डब्यात बंद करून, डबा हातात धरून हँडलला हात लावावा. दार उघडले, तर तो डबा निरुपयोगी.

बाहेरून बसवलेला अलार्म ढोल-ताशाने किंवा फटाक्यांनी कोकलत असेल, तर त्याच्या धक्का-संवेदकावरील छोटा स्क्रू किंचित फिरवून संवेदनशीलता कमी करता येते. मध्यरात्री विनाकारण वाजणाऱ्या अलार्मचे कारण मात्र बहुधा बॉनेट उघडल्याचे अलार्मला कळवणारा, बॉनेटखालचा गंजलेला स्विच असतो. तो स्वच्छ करावा किंवा बदलावा.

जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या मागाव्यात, कारण चोरीचा दावा करताना विमा कंपन्या त्या सहसा मागतात. एकच मिळाली, किंवा आपली एक हरवली, तर अधिकृत सेवा केंद्रात नवी चावी जोडून घेतानाच आपल्या हातात नसलेल्या चाव्यांची नोंद गाडीच्या स्मृतीतून पुसून घ्यावी.