घरातील वडीलधाऱ्यांची आगरी बोली कशी नोंदवावी

घणसोलीपासून बेलापूरपर्यंतच्या गावठाणांत ज्यांना घरातील आगरी बोली नोंदवून ठेवायची आहे, त्यांनी पहिल्याच बैठकीत शब्दांची यादी पुढे करू नये. ‘याला आगरीत काय म्हणतात?’ असे विचारले की आजी सावरून बसते आणि शाळेतल्या मराठीत उत्तर देते. त्यापेक्षा कामाबद्दल विचारावे. १९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाल्यावर नवी मुंबई या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. भातशेती गेली, मिठागरे गेली आणि त्या कामांत रोज लागणारे शब्दही बिनकामाचे झाले. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला ठेवलेली उघाडी (पाणी अडवणारे फळीचे दार) कोण, केव्हा उघडत असे, एवढे विचारले तरी अर्धा तास बोलणे चालते. माझी आत्या हे सांगताना फळी सरकवल्यासारखा हात करते. तो हातही चित्रीकरणात यावा म्हणून फोन जरा लांब ठेवावा. परवानगी आधी घ्यावी, पंखा बंद करावा आणि ध्वनिफितीची दुसरी प्रत त्याच दिवशी दुसरीकडे ठेवावी.

खरी कसोटी लिहिताना लागते. आजी ‘डोला’ म्हणाली तर ‘डोला’च लिहावे, ‘पानी’चे ‘पाणी’ करू नये. ‘आयस’, ‘बापूस’ यांचा प्रमाण मराठीतील अर्थ शेजारच्या रकान्यात द्यावा. तीच बाई एकदा ‘डोला’ आणि एकदा ‘डोळा’ म्हणाली, तर दोन्ही नोंदवावे. आपला हात दुरुस्तीसाठी शिवशिवतो, शिकलेल्यांचा तर अधिकच.

लग्नातले धवले गाणाऱ्या धवलारणीकडे मात्र लग्नाच्या दिवशी जाऊ नये, कारण डीजेपुढे काहीच ऐकू येत नाही. नंतर सवडीने बसावे आणि मांडवापासून एकेका विधीच्या क्रमाने विचारत जावे. गाणे तिला विधीच्या ओघात आठवते, सुटे आठवत नाही.

तुर्कस्तानातील इम्ब्रोस बेटावर अल्पसंख्याक ग्रीकांच्या भाषेतील शिक्षण १९६४ मध्ये बंद करण्यात आले आणि तेथे ग्रीक प्राथमिक शाळा २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाली. आगरीला तर बंद पडायलाही शाळा नव्हती. म्हणून रविवारी मुलांना त्यांच्याच आजीची पाच मिनिटांची ध्वनिफीत ऐकवावी, ऐकलेले लिहायला लावावे आणि ती वही तपासायला आजीकडेच पाठवावी. तिला वाचता येत नसेल, तर नातवाने मोठ्याने वाचावे आणि चुकेल तिथे तिने टोकावे.